सुईचे नेढे आणि लाल बटण

माझ्या मावशीसमोर कोणी डोळ्यांची तक्रार केली, की ती काही न बोलता समोरच्या सुया खोचायच्या उशीतून एक बारीक सुई उपसायची आणि काळ्या दोऱ्यासकट त्याच्या हातात द्यायची.

"ओवा."

माणूस ओठ मुडपून, मान मागेपुढे करून, दोऱ्याचे टोक जिभेवर ओले करून बघायचा. जमले तर मावशी म्हणायची, "डोळे ठणठणीत आहेत. झोप कमी पडत असेल." जमले नाही तर, "चष्मा करा." याखेरीज तिसरा निकाल तिच्या रफूच्या दुकानात नव्हता. आमच्या घरीही नव्हता. आई दरवर्षी तिच्याकडे राहायला जायची, तेव्हा चहा होण्याआधी सुई ओवून दाखवायची, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत आमच्या घरात डोळ्यांचा विषय निघायचा नाही.

ही परीक्षा मावशीला तिच्या सासऱ्यांकडून मिळाली होती. ते रफूगार होते. लग्नानंतर तिने काम शिकायचे म्हटले, तेव्हा त्यांनी तिच्याशी एक शब्द न बोलता सुईदोरा पुढे केला होता. तिने तो पहिल्याच खेपेला ओवला. मुलाने, म्हणजे माझ्या काकांनी, लहानपणी तो कधी धड ओवला नव्हता. त्यामुळे ते बसच्या आगारात वेळनोंदीच्या नोकरीला लागले आणि रफूची खिडकी सुनेकडे आली.

खिडकी म्हणजे खरोखरच खिडकी. एका अरुंद दुकानाच्या मागच्या भिंतीला ती होती, आणि तिच्यातून दिवसभर एकसारखा, न तळपणारा उजेड यायचा. मावशी खिडकीकडे तोंड करून बसायची. तिच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, शिंप्याचे मशीन होते. या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. कपडा बेतताना, शिवताना, इस्त्री फिरवताना मास्तरांची बडबड चालूच असे. गप्प राहिले की मशीनचा पट्टा सुटतो, असे मावशी म्हणायची.

रफूचे काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. कोटाला भोक पडले, की मावशी आधी त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, धागे ओढून काढायची. मग भोकाभोवतीचे कापड बोटांच्या चिमटीत धरून कुठवर पक्के आहे ते चाचपायची. डोळ्यांना दिसते त्याहून भोक नेहमी मोठे असते. काठाचे धागे झिजलेले असतात, आणि त्यांना टाका घातला तर तेही निसटून येतात. पक्क्या धाग्यापासून सुरुवात करून ती एक उभा, एक आडवा असे विणत जायची. काम संपले की कोट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची आणि विचारायची, "कुठे होतं?" गिऱ्हाईक कोट उजेडाला धरायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "सापडत नाही." तेवढे ऐकले की ती पुढच्या कपड्याला हात घालायची.

तिला भोकांचे कुतूहल फार. कपडा नुसता घेऊन ठेवणे तिला जमायचे नाही. ते कसे पडले हे कळल्याशिवाय तिची सुई चालायची नाही.

"गाडीच्या दारात अडकला," एकदा एक गिऱ्हाईक म्हणाले.

"दारात अडकला असता तर धागे एका बाजूला ओढले गेले असते. हे आतून आलंय. खिशात काय होतं?"

त्या गृहस्थाने खिशात हात घातला आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. त्यालाच हसू आले.

साठी उलटली तरी मावशी चष्म्याशिवाय रफू करायची. चष्मा तिला होता, अगदी तरुणपणापासून. पण तो लांबचे पाहण्यासाठी. कामाला बसली की ती तो कपाळावर सरकवायची आणि कापड नाकाशी धरायची. तिच्या वयाचे लोक वर्तमानपत्र हात लांब करून वाचत, आणि ही केसाएवढ्या धाग्याशी झोंबे. गिऱ्हाइके थक्क होत. मावशी वरकरणी दुर्लक्ष करी, पण त्या दिवशी काकांना जेवताना ते ऐकावे लागे.

गडबड सुरू झाली ती चहावरून.

मास्तर रोज दुपारी चहा आणायचे आणि मावशीचा कप दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवायचे. एके दिवशी कात्री घ्यायला म्हणून तिने हात डावीकडे नेला आणि कप उपडा झाला. दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा चहा एका फिकट रंगाच्या लोकरी कोटावर गेला, तेव्हा मावशीचा तोल सुटला.

"मास्तर, कप नेमका माझ्या हाताच्या वाटेतच ठेवायचा असा काही नवस आहे का?"

"मी रोज ठेवतो तिथेच ठेवलाय. तुमचाच हात हल्ली फिरायला निघतो."

"माझा हात माझ्या ताब्यात आहे."

"मग डोकं फिरलं असेल. परवा तुमच्या या बाजूला पँट धरून उभा होतो. हात भरून आला. तुम्ही ढिम्म. म्हटलं, भाव वाढलाय बाईंचा."

"हाक मारायची होती."

"मावशी, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतच असतो. त्यातली हाक कुठली हे तुम्ही ओळखायचं."

कोट पाण्यातून काढून, दाबून, वाळवून त्यांनी वाचवला. मग मास्तरांनी शिंप्याचा खडू घेतला आणि स्टुलावर कपाच्या बुडाएवढे वर्तुळ काढले. "आता कप या रेघेबाहेर गेला तर माझं मशीन तुमचं."

दुसऱ्या दिवशी कप वर्तुळात होता. मावशीने दोऱ्याच्या रिळाकडे हात नेला आणि कप पडला.

मास्तरांनी विजयाने तोंड उघडले, पण मावशीचा चेहरा पाहून मिटले. ती ओल्या वर्तुळाकडे पाहत बसली होती.

"हा इथे होता?"

"इथेच. खोटं बोलत असेन तर..."

"तसं नाही हो. मी हात नेला तेव्हा मला स्टूल दिसत होतं. रिकामं." तिने वर्तुळावरून बोट फिरवले. "कप दिसला नाही, असं नव्हे. कप नसलेलं स्टूल दिसलं. ते कसं?"

एखाद्याला घाबरायला झाले असते. मावशी घाबरली ती नंतर. आधी तिला नवल वाटले. इतक्या भोकांची जन्मकथा विचारणाऱ्या बाईला आता एक स्वतःचे भोक सापडले होते, आणि ते कुठून सुरू होते व कुठवर जाते हे चाचपल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हते.

तिने चौकडीचे एक कापड भिंतीवर ताणून बसवले. मधोमध एक टाचणी टोचली. मास्तरांच्या डब्यातून एक लाल बटण काढून ते विणायच्या लांब सुईच्या टोकाला दोऱ्याने बांधले. मग ती कापडासमोर हातभर अंतरावर बसली, उजवा डोळा तळव्याने झाकला, आणि डाव्या डोळ्याने टाचणीकडे पाहत म्हणाली, "आणा बटण. टाचणीपासून डावीकडे. हळू."

मास्तर बटण सरकवू लागले.

"थांबा. गेलं."

"कुठे गेलं? माझ्या हातात आहे."

"चौकडी दिसतेय. अख्खी. बटण नाही."

मास्तरांनी आणखी सरकवले. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

ते कापडाच्या कडेला पोचले. "मावशी, चेष्टा पुरे. आता भिंत लागली."

"खूण करा," मावशी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, असे मास्तरांनी मला पुढे सांगितले. वरून, खालून, उजवीकडून, जिथे जिथे बटण नाहीसे झाले तिथे त्यांनी खडूच्या खुणा केल्या. मावशीने हात काढून दोन्ही डोळ्यांनी पाहिले. टाचणीभोवती बशीएवढा गोल तयार झाला होता. डाव्या डोळ्याला दिसत होते ते तेवढ्यातलेच.

मग तिने मास्तरांना खुर्चीवर बसवले. बटण टाचणीपासून वीतभर सरकले नाही तोच मास्तर ताठ झाले.

"गेलं."

"काय सांगता?"

"गेलं, मावशी. माझंही गेलं." चार बोटे पुढे सरकल्यावर ते पुन्हा दिसू लागले, पण तेवढ्या चार बोटांत मास्तरांचा धीर खचला होता. "डोळा आहे का चाळणी?" त्यांनी मशीनवर आच्छादन टाकले. त्या दिवशी दुकान लवकर बंद झाले.

काकांचा मात्र विश्वास बसेना. "सुई ओवते आहेस ना? मग?"

मावशीने त्यांच्यासमोर उजवा डोळा झाकून एकट्या डाव्याने सुई ओवली. एका झटक्यात. सुई म्हणत होती डोळा चांगला, बटण म्हणत होते नाही, आणि मावशीला आयुष्यात पहिल्यांदा सुईचा संशय आला.

"मोतीबिंदू असेल," काका म्हणाले. "पिकू दे. पिकला की काढून टाकू. माझ्या साहेबांचा तसाच काढला."

मावशीने मला फोन केला. मी त्याच शहरात नोकरीला होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो: मावशी, मी, आणि स्वतःचीच तपासणी असल्यासारखा चेहरा केलेले मास्तर.

डॉक्टरीण बाई मध्यमवयीन होत्या. त्यांनी भिंतीवरची अक्षरे वाचून घेतली; चष्मा लावून मावशीने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, थेंब घालून बाहुली मोठी केली, आणि भिंगातून डोळ्याच्या आत, मागच्या नसेकडे बराच वेळ पाहिले. नजरेचा पल्ला, म्हणजे कडेचे कुठवर दिसते ते, मोजायला त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावले.

त्या तपासणीचे यंत्र म्हणजे आतून पांढरे असलेले एक मोठे घमेलेच होते. त्यात हनुवटी टेकवून मधल्या बिंदूकडे पाहायचे. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातली कळ दाबायची. मावशीला यंत्र आवडले. कुठला दिवा कुठे लागणार हे आधी ठरलेले असते का, नजर हलवली तर यंत्राला कळते का, असे तिने तिथल्या मुलीला विचारून घेतले. मग तिचा उजवा डोळा झाला आणि डावा सुरू झाला.

मी त्या मुलीच्या शेजारी, पडद्यासमोर उभा होतो. पडद्यावर दिवा लागल्याची खूण उमटत होती. एक उमटली, मावशीचा अंगठा हलला नाही. दुसरी उमटली. तिसरी. अंगठा कळीवर तसाच, तयार, जरासा वर उचललेला. खोलीत यंत्राच्या बारीक टकटकीशिवाय आवाज नव्हता. मधेच एकदा तिने कळ दाबली, आणि मला सुटल्यासारखे वाटले. मग पुन्हा तेच.

बाहेर आल्यावर ती चष्मा पुसत म्हणाली, "दुसऱ्या वेळी दिवे फार कमी लावले त्यांनी. यंत्र बिघडलंय बहुतेक."

मी तिला डॉक्टरीण बाईंच्या खोलीकडे नेले.

डॉक्टरीण बाईंनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे समोर ठेवले. उजव्याच्या नकाशात नाकाच्या बाजूला एक करडा डाग होता. डाव्याचा नकाशा मधला गोल सोडून जवळपास सगळा काळा होता. तो गोल आम्ही ओळखला. भिंतीवरच्या कापडावर खडूने तोच उमटला होता.

"याला काचबिंदू म्हणतात," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू वेगळा. तो भिंगाचा, तो काढता येतो. हा नसेचा. बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यातल्या दाबामुळे नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेनं जाते, मधली शेवटी."

"पण मला काळं कुठेच दिसत नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही तर एवढं काळं केलंय."

"ते आम्हाला कळावं म्हणून. तुम्हाला ते काळं दिसणार नाही. जिथून खबर येत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. भिंत असेल तर भिंत, चौकडी असेल तर चौकडी."

मावशीने नकाशा जवळ ओढला.

"म्हणजे आत कोणीतरी रफू करत बसलंय."

डॉक्टरीण बाईंना तिचा धंदा तोवर माहीत नव्हता. मी सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, तसंच म्हणा."

"आणि इतकं बेमालूम, की मलाही पत्ता नाही." तिच्या बोलण्यात तक्रार होती की कौतुक, हे मला आजही सांगता यायचे नाही.

मास्तरांना तोवर दम निघत नव्हता. "बाई, माझंही बटण जातं. चार बोटं."

"सगळ्यांचंच जातं. नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी कोणालाच दिसत नाही. जन्मजात आहे ते." त्यांनी मास्तरांचाही दाब मोजला आणि तो ठीक निघाला. मास्तरांचा चेहरा खुलला.

"वर्षानुवर्षं अर्धवट डोळ्यांनी शर्ट बेततोय, आणि लोक पैसे देतायत," ते म्हणाले.

"म्हणून बाह्या लांब येतात," मावशी म्हणाली.

मग बाईंनी विचारले, "घरात आणखी कोणाला होतं का? आई, वडील?"

मावशीने चष्मा काढून हातात घेतला. तिच्या आईला, माझ्या आजीला, शेवटी दिसेनासे झाले होते. वयाने झाले, असे आम्ही सगळे म्हणायचो. आजी दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, शेजारी बसलेल्याला ओलांडून पुढच्याशी बोलायची. लोक तिला तुसडी म्हणत.

"तिला मीच सुई दिली होती," मावशी म्हणाली. "ओवली तिनं. मी म्हटलं, डोळे चांगले आहेत."

"सुई मधल्या नजरेनं ओवतात," बाई म्हणाल्या. "ती कडेचं काही सांगत नाही. आणि तुम्हाला या वयात जवळचं चष्म्याशिवाय दिसतं ते लांबच्या नंबरामुळे. लांबचा मोठा नंबर असलेल्यांना हा रोग होण्याची शक्यता उलट थोडी जास्तच."

आयुष्यभराचे कौतुक असे एका वाक्यात निकालात निघाले. मावशीने तिच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच विचारले.

"गेलंय ते भरता येईल? काठ पक्का आहे तिथून पुढे?"

"नाही. मेलेली नस परत येत नाही. उरलंय ते राखता येतं. रोज थेंब टाकायचे, आयुष्यभर. उजव्या डोळ्याला आत्ता कुठे सुरुवात आहे. तो राखला तर तुमचं काम चालत राहील."

"आणि नाही टाकले तर?"

"तर मधला गोलही जाईल. आधी डाव्याचा."

परतताना ती माझ्या उजव्या बाजूने चालत होती. मी डावीकडे आहे हे तिला ठाऊक होते, तरी ती मधूनमधून मान पूर्ण वळवून मला पाहून घेत होती.

थेंब सुरू झाले. डोळे चुरचुरायचे, सकाळी लाल दिसायचे. काका रोज विचारायचे, "काही फरक?" मावशी म्हणायची, "नाही." चौकडीचे कापड भिंतीवर तसेच होते. दर आठवड्याला ती मास्तरांना बटण धरायला लावायची आणि खडूची खूण तपासायची. खूण जागची हलायची नाही. गोल होता तेवढाच होता, तसूभरही मोठा होत नव्हता.

पुढच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेलो. डॉक्टरीण बाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि खुर्ची मागे सरकवली.

"थेंब टाकता ना?"

"टाकते की."

"दाब तर पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे."

मावशीने पर्समधून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. निम्म्याहून जास्त भरलेली होती. "बंद केले," ती म्हणाली. "गुण येत नव्हता. भोक जराही लहान झालं नाही. मी खूण करून ठेवली होती."

मला वाटले, बाई रागावतील. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडाला धरली. "तुम्ही खूण केलीत ते चांगलं केलंत. फक्त वाट उलटी पाहिलीत. भोक लहान होणार नव्हतंच. ते मोठं होऊ नये म्हणून हे औषध आहे. आणि तुमचं बटण फार उशिरा सांगतं. त्याला कळेपर्यंत पुष्कळ गेलेलं असतं. त्याच्या भरवशावर राहू नका."

मावशी परत दुकानात आली. त्या दिवशी कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागलेला एक जुना कोट कामाला आला होता, आणि योगायोगाने काका तिला न्यायला आले होते. मी खिडकीशी उभा होतो. तिने कोट उचलला, दुकानाबाहेर नेऊन झटकला, तारेवर उन्हात पसरला, ब्रशने शिवणी घासल्या. एकही टाका घातला नाही.

"आज रफू नाही का?" काकांनी विचारले.

"आधी कसर मारावी लागते. नाहीतर रफूही खाते." तिने कोट उलटा केला. "बघा. सकाळी होती तेवढीच भोकं आहेत. काही फरक?"

"नाही."

"मग गिऱ्हाइकाला सांगू, की ऊन दाखवून गुण येत नाही, घेऊन जा कोट?"

काकांनी कोटाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फरक विचारणे सोडले, आणि ठरल्या वेळी बाटली घेऊन समोर उभे राहू लागले. वेळ पाळणे हा त्यांचा जन्माचा धंदा होता. मावशी हात पुसत म्हणायची, "अहो, थांबा, एवढी ओळ संपू दे." ते म्हणायचे, "गाडी सुटेल." आणि ती मान मागे टाकायची.

त्यानंतर आई आली. फोनवर तिला सगळे कळवले होते, तिने दाद दिली नव्हती. येऊन बसली, चहा होण्याआधी उशीतून सुई काढली, ओवली, आणि दोरा हवेत झुलवून दाखवला.

"बघ ताई. पहिल्या झटक्यात."

मावशीने तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि उशीत खोचली. "ती परीक्षा रद्द."

"आता रद्द? जन्मभर घेतलीस की."

"चुकीची घेतली."

"तुला झालं म्हणजे मलाही झालं पाहिजे का? लहानपणी फ्रॉकसुद्धा तुझ्यासारखाच घालायला लागायचा मला."

"बहिणीला असलं की तपासून घ्यायचं, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. तुला नसलं तर मी पेढे वाटीन. ऊठ."

"मला काही होत नाहीये, ताई."

"मलाही काही होत नव्हतं," मावशी म्हणाली. "आईलाही नव्हतं."

आजीचे नाव निघाल्यावर आई उठली आणि चपला शोधू लागली. तिचा दाब मर्यादेच्या काठावर निघाला. नस चांगली होती. औषध नको, पण दरवर्षी यायचे, असे ठरले. पुढे मलाही चाळिशीनंतर नेमाने जायला सांगितले आहे, आणि मी जातो.

वर्षाने मावशीचा नजरेचा पल्ला पुन्हा मोजायचा होता. या वेळी काका सुट्टी असल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी पुन्हा त्या मुलीशेजारी उभा राहिलो. उजव्या डोळ्याच्या वेळी मी पडद्याकडे पाहिलेच नाही. मावशीच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. तो दाबला जात होता, थांबत होता, पुन्हा दाबला जात होता. यातले थांबणे नेहमीचे किती आणि नवे किती, हे मला कळत नव्हते. तिची पाठ ताठ होती. भोक चाचपताना ती अशीच बसते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यंत्र अजून दुरुस्त केलं नाही त्यांनी," आणि माझ्याकडे पाहून हसली. पण रुमाल तिने मुठीत चुरगळला होता.

डॉक्टरीण बाईंनी आधी गेल्या वर्षीचे कागद काढले, त्यांच्याशेजारी आताचे ठेवले आणि बोट फिरवत दोन्ही पाहिले.

"काही फरक नाही," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. वर्षभर घड्याळ लावून बाटली धरलेल्या माणसाला आणखी काहीतरी ऐकायचे होते. त्यांनी मावशीकडे पाहिले.

मावशीने उजव्या डोळ्याचे दोन्ही कागद उचलले आणि खिडकीपाशी नेले. चष्मा कपाळावर सरकवला. एकावर एक ठेवून, कडा जुळवून, ते उजेडाला धरले, आणि तिरपे करून, जवळ आणून, करड्या डागाच्या काठावरून बोट फिरवले. नवा धागा कुठे सुरू झाला असेल, कुठे जुळवण चुकली असेल, ते ती शोधत होती. बराच वेळ शोधत होती. बाहेर पुढचा रोगी खोकला.

"सापडत नाही," ती म्हणाली.

दुपारी दुकानात मास्तरांनी चहा आणला. खडूचे वर्तुळ आता तिच्या उजव्या हाताला, खिडकीच्या कट्ट्यावर होते. कप त्यांनी त्यातच ठेवला आणि बाह्या लांब येण्यामागची खरी कारणे सांगू लागले. मावशीने मान सावकाश डावीकडे, अगदी खांद्यापर्यंत वळवली. मधले स्टूल नीट पाहून घेतले. ते खरोखर रिकामे होते. मग तिने उजव्या हाताने कप उचलला.